हात आत

निघण्याआधी लारू थेन
छपराच्या नळीवर दोन बोटं वाजवते, विचारते, "हात?"
आणि सगळ्यांनी म्हणायचं, "आत."
चौतीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं,
मुलं मोजायची सवय जात नाही.
आज तिच्या गाडीत मोजायला दोनच:
भाऊ ऑरिन आणि त्याची नात ब्रिनली.
दुसऱ्या गाडीत मी आणि तिचा जावई,
कारण एकट्या गाडीनं इथे कुणी जात नाही.

ब्रिनलीला गेल्या वर्षी परत पाठवलं होतं.
पाठ टेकवून बसली की पावलं
तळापासून चार बोटं वर लोंबायची.
"पाय टेकले की ये."
पोरगी वर्षभर रागारागानं दूध प्यायली म्हणे.
आज टेकले. टाचांसकट.

पट्टे ओढून बघितले. हनुवटीखाली बोट घालून
हेल्मेट बघितलं. दाराची जाळी, तिची कडी.
फ्रिजवर चिठ्ठी: कुठली वाट, किती वाजता परत.
युटाच्या या भागात फोन म्हणजे खिशातला दगड.

मग तांबडा खडक, बुटके जुनिपर,
आणि वाटेच्या कडेला ती काळी, खरबरीत माती.
तिच्यावर चाक घालायचं नाही. जिवंत असते ती,
लारू सांगते, माझ्याहून म्हातारी.
आम्ही मागे, त्यांची धूळ खाली बसेल इतक्या मागे.

ऑरिनच्या उजव्या हाताला अंगठा आहे
आणि अंगठ्याची शेजारीण.
बाकीची तिघं असल्याच एका उतारावर गेली,
गाडी कलंडताना, पट्टा होता, जाळी नव्हती,
आणि यानं हात बाहेर काढला पृथ्वीला थोपवायला.
"सातशे किलो लोखंड," तो म्हणतो,
"आणि मी चौकातल्या पोलिसासारखा तळहात दाखवतोय."
हसतो. कुणी हसत नाही.

मूर्खपणा नव्हता तो.
पडताना हात पुढे येतो,
हे अंग चालायच्या आधी शिकतं.
माझ्या भाषेत तर हात आखडता घेणं हा दोष,
पडत्याला हात देणं हे पुण्य;
इथे एक बाई सगळं उलटं शिकवते,
दर शनिवारी, नळीवर दोन बोटं वाजवून.

दुपारी कोरड्या ओढ्याच्या काठावर
उजवीकडची कड ढासळली.
वेग नव्हता. चालत्या माणसाइतकाही नव्हता.
गाडी आधी विचारात पडल्यासारखी थांबली,
मग म्हातारा कुशीवर वळतो तशी वळली
आणि आडवी झाली.

मी धावलो. इंजिन बंद झालेलं.
एक चाक वर, उगाच फिरतंय.
आत तिघंही पट्ट्यांत अडकलेली,
आणि ऑरिनचा तो दोन बोटांचा हात
जाळीत रुतलेला, आतल्या बाजूनं.
पुन्हा गेला होता.
इतक्या वर्षांनी, सगळं ठाऊक असताना, पुन्हा.
जाळीबाहेर बोटभर अंतरावर खडक.
तो हाताकडे बघत होता,
जुन्या कुत्र्यानं परत तेच केलं की बघतात तसं.

"सगळे बोला," लारू म्हणाली.
"ऑरिन." "ब्रिनली." "लारू," तिनं स्वतःलाही मोजलं.

वरच्या बाजूनं जाळी सोडवली,
जावयानं लारूला पट्ट्यातून उतरवून वर ओढलं,
मग मी वाकून मधल्या सीटकडे हात लांबवला.
पोरगी हलेना.
दोन्ही मुठी छातीवर, पट्ट्यांना घट्ट,
डोळे माझ्या हातावर, ओठ मिटलेले.
"दे हात," मी म्हणालो, आधी मराठीत, मग इंग्रजीत.
तिनं मान हलवली. नाही.

लारू खडकावर बसून हेल्मेट काढत होती.
केस घामानं चिकटलेले, आवाज बसथांब्यावरचा:
"ब्रिनली, आता बाहेर."

तेव्हा मूठ उघडली.
हात माझ्या हातात आला, ओला, गरम,
तळव्यावर पट्ट्याची वीण
एकेका धाग्यासकट उमटलेली.